पहिला खेळ कोणाचा?

सर : माझी शिफारस सरळ आहे, मॅडम. या सत्रात अकरावी-बारावीच्या मुलींना 'आनंदी गोपाळ' दाखवायचा. लातुरात आम्ही दाखवणारच आहोत, नांदेडला तुम्हीही दाखवा. माझ्या वर्गात उदगीर, देवणी, मुखेड, कंधार अशा तालुक्यांतून आलेल्या मुली आहेत. ट्युशन एरियात खोली घेऊन राहतात, मेसचा डबा खातात, पहाटे उठून नीटचे प्रश्नसंच सोडवतात. बहुतेकींना डॉक्टर व्हायचंय. पण आपल्याआधी या वाटेनं कोण गेली, हे त्यांना एका ओळीपुरतंच माहीत असतं. त्या ओळीमागची मुलगी, आनंदीबाई, त्यांना भेटलेली नाही. नवव्या वर्षी लग्न झालेली, चौदाव्या वर्षी आई झालेली, दहा दिवसांचं मूल गेल्यावर वैद्यक शिकायचं मनात घेतलेली, 1883 मध्ये नवऱ्याला मागे ठेवून कलकत्त्याहून बोटीत बसलेली आणि 1886 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतलेली. समीर विद्वांस यांच्या 2019 च्या चित्रपटात ती मुलगी चालते, रुसते, खचते, पुन्हा उभी राहते. दोन-सव्वादोन तासांत तिच्याशी नातं जुळतं. पाठ्यपुस्तकाला ते आजवर जमलेलं नाही.

मॅडम : जमलेलं नाही, मान्य. पण नातं नेमकं कोणाशी जुळतं ते बघू या. ही नावापासूनच दोघांची गोष्ट आहे. गोपाळराव विक्षिप्त, हट्टी, पण बायकोच्या शिक्षणासाठी साऱ्या गावाशी भांडणारे. पडद्यावर त्यांचा हट्ट अखेर प्रेमाच्या खात्यावर जमा होतो. आनंदीबाईंनी अमेरिकेतून त्यांना लिहिलेल्या एका पत्रात हिशोब वेगळा आहे. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी खाल्लेला मार, अंगावर भिरकावलेल्या खुर्च्या, सोडून जाण्याच्या धमक्या, सगळं त्यांनी मांडून ठेवलंय. तुमचं वागणं चांगलं होतं की वाईट, तर दोन्ही, असा त्यांचा स्वतःचा निवाडा आहे. मीरा कोसंबींनी ही पत्रं अभ्यासून आनंदीबाईंवर पुस्तक लिहिलं. ते वाचलं की 'नवऱ्यानं घडवलेली बायको' हे चित्र टिकत नाही. एक मुलगी मार खाते, शिकते, आणि शिकल्यावर त्या माराबद्दल नवऱ्याला जाब विचारते. तुमच्या वर्गातल्या मुलींना भेटायला हवी ती ही.

आणखी एक गोष्ट मला टोचते. आनंदीबाईंना डॉक्टरकी करायला मिळालीच नाही. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातल्या स्त्रियांच्या विभागात त्यांची नेमणूक झाली होती, पण 26 फेब्रुवारी 1887 ला, वयाची बावीस वर्षं पुरी होण्याआधी, त्या क्षयानं गेल्या. मुलीनं शिकावं, अपार सोसावं आणि लवकर जावं, अशी नायिका आपल्याला फार भावते. ती पुढे काही मागायला उरत नाही. पगार मागत नाही, हक्क मागत नाही, नवऱ्याच्या घरातून बाहेर पडत नाही. आपण डोळे पुसतो आणि घरी जातो.

सर : तुम्ही पत्राची गोष्ट सांगितलीत, ती मी वर्गात सांगेन. पण ती सांगायला आधी कान तयार असावे लागतात. मुलींनी आनंदीबाईंना पाहिलेलंच नसेल, तर पत्र कोणाचं म्हणून ऐकायचं? चित्रपट ही ओळख असते, चरित्र नव्हे. आणि चित्रपटानं काय घडू शकतं याचं एक मोठं उदाहरण आहे. 'हिडन फिगर्स' घ्या. नासामध्ये हातानं गणितं करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रिया : कॅथरिन जॉन्सन, डोरोथी व्हॉन, मेरी जॅक्सन. 1962 च्या फेब्रुवारीत जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला, तेव्हा यंत्रानं काढलेले आकडे जॉन्सनबाईंकडून तपासून घ्या असा त्याचा आग्रह होता. अर्धशतक हे कोणाला ठाऊक होतं? मार्गोट ली शेटर्लीचं पुस्तक आणि थिओडोर मेल्फीचा चित्रपट 2016 मध्ये आला. 2019 मध्ये वॉशिंग्टनमधल्या नासाच्या मुख्यालयासमोरच्या रस्त्याला 'हिडन फिगर्स'चंच नाव मिळालं, आणि पुढच्या वर्षी मुख्यालयाच्या इमारतीला मेरी जॅक्सन यांचं नाव देण्याचं जाहीर झालं. पुस्तक जाणकार वाचतात. रस्त्याची पाटी बदलायची तर लाखो लोकांनी थिएटरात जाऊन ती गोष्ट आपली म्हणावी लागते.

मॅडम : पाटीचाच विषय काढलात, तर त्याच चित्रपटातली दुसरी पाटी आठवा. कॅथरिनला लांबच्या इमारतीतल्या, काळ्या बायकांसाठीच्या स्वच्छतागृहात पळावं लागतं. तिच्या गोऱ्या साहेबाला ते कळतं आणि तो हातोडा घेऊन ती पाटी तोडून टाकतो. थिएटरात टाळ्या पडतात. तसं काही घडलंच नव्हतं. तो साहेब काल्पनिक आहे. जॉन्सनबाईंनी स्वतः सांगितलं होतं की त्या सरळ जवळचं स्वच्छतागृह वापरत. शेटर्लीच्या पुस्तकात मात्र एक खरी हकीकत आहे. जेवणाच्या हॉलमध्ये एका टेबलावर, इथं काळ्या बायकांनी बसावं, अशा अर्थाची पाटी असे. मिरियम मान नावाची गणिती रोज ती उचलून पर्समध्ये टाकायची. पुन्हा नवी पाटी यायची, पुन्हा ती उचलायची. शेवटी एक दिवस पाटी यायची थांबली. पर्समध्ये पाटी टाकणारी खरी बाई हाताशी असताना हातोडा एका काल्पनिक पुरुषाच्या हाती गेला. का गेला? कारण प्रेक्षकाला सुटका एका फटक्यात हवी असते आणि ती कोणीतरी मोठ्यानं दिलेली हवी असते. तुमच्या प्रेरणादायी चित्रपटांवर माझा आक्षेप आहे तो एवढाच. विस्मृतीतली बाई ते बाहेर काढतात, पण प्रेक्षकाला सोसवेल एवढीच.

सर : पुस्तकातली मिरियम मान तुम्हाला आज महत्त्वाची वाटते. पण ते पुस्तक इतक्या हातांत गेलं त्यात चित्रपटाचा वाटा मोठा आहे. आणि शुद्धतेची अट घातली तर आपल्या भागातल्या एकाही बाईवर काही निघणार नाही. दगडाबाई शेळक्यांचं घ्या. बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या. निजामाविरुद्धच्या लढ्यात ही बाई घोड्यावर बसली, हाती शस्त्र घेतलं. 17 सप्टेंबरला आपण शाळाशाळांत झेंडा लावतो, स्वामी रामानंद तीर्थांचं नाव घेतो, तुमच्या नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्या दिवशी दगडाबाईंचं नाव किती भाषणांत येतं? मुक्तिसंग्रामाचा अमृतमहोत्सव होऊन गेला, तरी नववीची मुलगी दगडाबाईंना ओळखत नाही. एक चांगला चित्रपट आला तर एका वर्षात ओळखेल.

मॅडम : दगडाबाईंवर चित्रपट आला तर तिकीट काढून पहिल्या दिवशी जाईन. पण त्यांना लोक काय म्हणतात, आठवा : मराठवाड्याची झाशीची राणी. घोडा आणि शस्त्र होतं म्हणून त्यांना निदान ही ओळख तरी मिळाली. ज्यांच्याकडे घोडा नव्हता त्यांचं काय? सरहद्दीवरच्या कॅम्पांना निघालेल्या पोरांना रात्री-अपरात्री भाकरी थापून देणाऱ्या, पोलीस दारात आल्यावर निरोप्याला कणगीमागं लपवणाऱ्या, नवरा तुरुंगात असताना शेत राखणाऱ्या बायका गावोगाव होत्या. स्वातंत्र्यसैनिक म्हणून केंद्राचं सन्मान निवृत्तीवेतन घ्यायचं तर सहा महिन्यांचा तुरुंगवास किंवा भूमिगत काळ सिद्ध करावा लागे. बायकांसाठी तुरुंगवासाची अट तीन महिन्यांची होती. सवलत दिली, पण मोजपट्टी तुरुंगाचीच ठेवली. भाकरी थापल्याचा दाखला कोणत्या जेलरनं द्यायचा? या बायकांची गोष्ट दोन तासांत बसत नाही, कारण तिला एक नायिका नाही, एक लढाई नाही, शेवट नाही.

तेव्हाच्या त्याच हैदराबाद संस्थानात, आपल्याला लागून असलेल्या तेलंगणात, स्त्री शक्ती संघटनेच्या बायकांनी 1980 च्या दशकात काय केलं बघा. सशस्त्र लढ्यातल्या शेतकरी बायका शोधून त्यांच्या घरी जाऊन बसल्या, त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि जवळपास त्यांच्याच शब्दांत छापलं. त्यात पराक्रम आहे तसाच रागही आहे. लढा संपल्यावर आम्हाला परत चुलीपाशी धाडलं, हे त्या बायका साफ बोलतात. मराठवाड्यात असं काम त्या प्रमाणात झालं नाही. अनंत भालेरावांनी मुक्तिसंग्रामाचा मोठा इतिहास लिहून ठेवला, त्याचं ऋण आहेच. पण या बायकांना त्यांच्या अंगणात जाऊन विचारणारं कोणी वेळेवर गेलं नाही, आणि त्या पिढीतल्या आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या असतील.

सर : मग माझंच म्हणणं बळकट होतं. विचारायला कोणी गेलं नाही, कारण विचारावंसं वाटलं नाही. सोळा वर्षांची मुलगी आपल्या पणजीला, 'तू तेव्हा काय केलंस', असं केव्हा विचारते? पडद्यावर तशी एक बाई पाहिल्यावर. रेकॉर्डर हातात देऊन मुलींना गावात पाठवा म्हणता, पण जायची ओढ कुठून आणणार?

मॅडम : ओढ चित्रपटानं लागते, हे मी नाकारत नाही. पण ओढ कोणाची लागते याला मर्यादा असते, हे तुम्हीही नाकारू नका. नांदेड जिल्ह्याशी नातं असलेल्या दोन बायका घेऊ. एक माई भागो. 1705 मध्ये पंजाबात खिदराण्याच्या लढाईत, आजच्या मुक्तसरला, गुरूंना सोडून गेलेल्या चाळीस शिखांना परत फिरवून लढायला नेणारी. पुढे ती गुरू गोविंदसिंगांबरोबर दक्षिणेत आली. 1708 मध्ये गुरू नांदेडला निवर्तले, त्यानंतर ती बीदरजवळ जनवाड्याला जाऊन राहिली. नांदेडला हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या परिसरात तिच्या नावाचा बुंगा आहे. ते चाळीस 'मुक्ते' शिखांच्या रोजच्या प्रार्थनेत, अरदासमध्ये, आठवले जातात. तिला विसरू न देणारा एक पंथ आहे.

दुसरी माहूरची. उदाराम देशमुखांच्या घराण्यातली सावित्रीबाई. जहागीर सांभाळली, मोगलांच्या बाजूनं स्वतः फौज घेऊन लढली, आणि औरंगजेबानं तिला 'रायबागन' हा किताब दिला. 1661 च्या फेब्रुवारीत ती कारतलबखानाच्या फौजेबरोबर सह्याद्री उतरत होती. उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी सगळी फौज कोंडली. पाणी नाही, वाट नाही, आणि खान लढायच्या गोष्टी करतोय. तेव्हा त्याला परिस्थिती स्पष्ट सुनावून शरण जायला लावणारी ही रायबागन. परमानंदांच्या 'शिवभारता'त तो प्रसंग आहे. हजारो माणसांचा जीव त्या सल्ल्यानं वाचला. आता सांगा, तिच्यावर प्रेरणादायी चित्रपट निघेल? ती शूर होती, शहाणी होती, कर्ती होती. पण ती आपल्या बाजूची नव्हती. रेणुकेच्या दर्शनाला लाखो लोक माहूरचा डोंगर चढतात. त्याच माहूरची ही बाई त्यातल्या किती जणांना माहीत असते?

सर : रायबागनचा प्रश्न अवघड आहे. मान्य. तिच्यावर चित्रपट निघाला तर तो प्रेरणा देण्यासाठी निघणार नाही, आणि निघूही नये. कोणी तिला शेवटी मनातून स्वराज्याची करून टाकेल, ते तिच्याशी खोटं वागणं होईल. पण त्यावरून मी असं म्हणेन की चित्रपटाची जात वेगळी हवी, चित्रपटच नको असं नव्हे. शत्रूच्या गोटातली शहाणी बाई, हा तर उत्तम पटकथेचा विषय आहे. आणि तुम्ही मघाशी म्हणालात की नायिका एक नसली की चित्रपट होत नाही. हे मला पटत नाही.

माझ्या भागातलं सांगतो. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे चार वाजायला काही मिनिटं होती. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं दगडमातीच्या माळवदांखाली गेली. पुढे पुनर्वसन सुरू झालं, नकाशे आले, इंजिनिअर आले, कंत्राटदार आले. बावन्न गावं नव्यानं वसवायची होती, आणि आणखी शेकडो गावांत पडझड झालेली घरं दुरुस्त करून मजबूत करायची होती. या दुरुस्तीच्या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं, प्रेमा गोपालन यांच्या पुढाकारानं, गावातल्या बायकांना संवाद सहाय्यक केलं. ज्या बायका सरकारी माणसासमोर पदर सावरून दाराआड उभ्या राहायच्या, त्या सिमेंटचं प्रमाण तपासू लागल्या, भिंतीला कोपऱ्यात बांधणी नीट पडली की नाही ते बघू लागल्या, हप्ता का अडला म्हणून साहेबाला विचारू लागल्या. 2001 मध्ये कच्छचा भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तिकडे गेल्या आणि तिथल्या बायकांबरोबर जमिनीवर बसून बोलल्या. भाषा वेगळी, पण पडलेलं घर दोघींनी पाहिलेलं. मॅडम, ही सगळ्यांची मिळून एक गोष्ट आहे. यात हातोडा मारणारा साहेब नाही, घोडा नाही. तरी दिग्दर्शकाला डोळे असतील तर यावर चित्रपट होतो.

मॅडम : होतो, यात मला शंका नाही. तो आला तर मी माझे सगळे आक्षेप बाजूला ठेवीन. पण आज तुमच्या हातात तो नाही. आज तुम्ही 'आनंदी गोपाळ' लावणार आहात, म्हणून परत तिथंच येते. आनंदीबाईंच्याच पिढीतली, त्यांच्याहून काही महिन्यांनीच मोठी एक बाई. रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालं, पण सासरी गेली नाही. नवऱ्यानं 1884 मध्ये मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. पहिला निकाल तिच्या बाजूनं लागला, अपिलात फिरला, आणि 1887 मध्ये कोर्टानं बजावलं, नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंग चालेल. 1888 मध्ये दोन हजार रुपये देऊन ते प्रकरण मिटलं. मग ती लंडनला जाऊन वैद्यक शिकली, परत आली, आणि सुरतेत आणि राजकोटला तिनं जवळपास पस्तीस वर्षं दवाखाना चालवला. 1955 पर्यंत जगली. संमतिवयाच्या 1891 च्या कायद्यामागे जी चर्चा पेटली, तिच्यात या खटल्याचा मोठा वाटा होता. तिच्यावरही चित्रपट आहे, 'डॉक्टर रखमाबाई', अनंत महादेवन यांचा, 2016 चा. तुमच्या लातुरात किती जणांनी पाहिला? आनंदीबाईंना मिळालेलं प्रेम रखमाबाईंना का मिळालं नाही, याचं उत्तर मला ठाऊक आहे. एक नवऱ्याच्या इच्छेनं शिकली. दुसरी नवऱ्याला नाही म्हणून शिकली. आपण पहिलीला प्रेरणा म्हणतो आणि दुसरीला वादग्रस्त.

सर : म्हणजे तुम्हाला आनंदीऐवजी रखमाबाई हवी.

मॅडम : मला आधी प्रेक्षक बदलून हवा. प्रेरणा तुमच्या मुलींना कमी पडत नाही. पहाटे उठून जीवशास्त्र घोकणाऱ्या मुलीला आणखी कसली प्रेरणा देता? कमी पडते ती दुसऱ्या कोणाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात सुमारे 22 टक्के निघाल्या. आपल्या शेजारच्या परभणीत तो आकडा 48 च्या आसपास, बीडमध्ये चाळिशीच्या वर. जनाबाईंचं गंगाखेड ज्या परभणी जिल्ह्यात, तिथं जवळजवळ निम्म्या मुली. ही लग्नं मुली ठरवत नाहीत. नीटला एकदा कमी मार्क पडले की मुलाला रिपीटर बॅचला बसवतात आणि मुलीला स्थळ बघायला लागतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. मुलींना नका दाखवू. त्यांच्या बापांना आणि भावांना दाखवा. पालकसभेत दाखवा.

सर : हे मला पटलं, आणि यावर मी आजच काम सुरू करीन. पण मग 'आनंदी गोपाळ'च लागेल, मॅडम, रखमाबाई नाही. औशाच्या, अहमदपूरच्या शेतकरी बापाला मी सभेला बोलावलं, आणि नवऱ्याला कोर्टात नाही म्हणणारी बाई दाखवली, तर तो मध्येच उठून जाईल, आणि पुढच्या महिन्यात पोरीचा डबा-बिस्तरा गोळा करून गावी नेईल. गोपाळराव त्याला कळतो. हट्टी, तापट, पण पोरीनं शिकावं म्हणून सगळ्यांच्या विरोधात जाणारा. त्याच्यात तो स्वतःला बघेल. दार तिथूनच उघडतं.

मॅडम : आणि तिथूनच ते अडतं. बाप घरी जाताना मनात घेऊन जाईल की पोरीचं शिक्षण ही आपण दिलेली देणगी आहे. देणगी देणारा ती परतही मागू शकतो. पहिल्या नापासाबरोबर परत मागतो. रखमाबाई पाहून निघणाऱ्या बापाला निदान इतकं कळेल की पोरीच्या 'नाही'ला वजन असतं, कायद्यापुढेही.

सर : दोन्ही दाखवू. पण पहिला खेळ आनंदीचा, नाहीतर दुसऱ्या खेळाला हॉल रिकामा असेल.

मॅडम : पहिला रखमाबाईंचा, नाहीतर दुसऱ्याची गरजच कोणाला वाटणार नाही. आणि तुमच्या शेतकरी बापाला सांगा, रखमाबाईंच्याही मागे एक बाप होता. सावत्र बाप, डॉ. सखाराम अर्जुन. त्यांनी पोरीला सासरी लोटली नाही, शिकू दिलं. एप्रिल 1885 मध्ये ते वारले. पहिला निकाल लागला त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. तो ऐकायलाही ते नव्हते, आणि पुढची तीन वर्षं ती त्यांच्याशिवाय लढली.